दोन आसनांची गाडी

निपाणीहून जयाबाईंच्या घरचे छायाचित्र आले, त्या दिवशी बायाक्का दुपारी जेवल्या नाहीत. छायाचित्रात लालभडक नवी कोरी सुपरकार होती, तिच्या नाकावर झेंडूचा हार होता आणि हारामागे पदर सावरीत जयाबाई उभ्या होत्या. जयाबाई म्हणजे बायाक्कांच्या थोरल्या जाऊबाई. शेजारी काठी टेकून थोरले दीर भावकू. ऐंशी ओलांडलेल्या जयाबाईंच्या कपाळावर रुपयाएवढे कुंकू होते. बायाक्कांना गाडीच्या आधी ते दिसले.

"आपल्यालाबी घ्यायची," त्यांनी नातवाला, मंथनला सांगितले. "आन् तिच्याहून वरची."

उद्यमबागेतली फाउंड्री आता मंथनच पाहत होता. आज्जीचा शब्द मोडण्याची त्या घरात रीत नव्हती. पण हिशेबाला तो पक्का होता.

"आज्जी, तेवढ्या पैशात नवी घेतली तर जयाआज्जीचीच गाडी येतीया. वरची पायजे असंल तर वापरलेली घ्यावी लागंल. बेंगळूरला एक हाय. तीन वरसांची, चार हजार किलोमीटरबी पळाली न्हाय."

"कुणाची?"

"एका बाईची होती म्हणं. शोरूममधनं भाईर पडली की ह्या गाड्यांची किंमत घसरायला लागत्या. तीन वरसांत निम्मी. ती सगळी झळ पहिल्या मालकिनीनं सोसली. आपल्याला आयती."

आयती. हा शब्द बायाक्कांनी चोपन्न वर्षांपूर्वी स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकला होता. "मनूनं खस्ता खाल्ल्या, आन् ही आयत्यावर आली," असे जयाबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. मनू म्हणजे मनुबाई, बायाक्कांचे यजमान जोतिराम यांची पहिली बायको. वडगावच्या दोन खोल्यांत सात वर्षे तिने हातमागावर काढली, सुताला खळ लावता लावता बोटे सोलवटून घेतली, आणि पंचविसाव्या वर्षी तापाने गेली. पुढल्या साली बायाक्का आल्या. त्याच साली यंत्रमाग आले, मागून फाउंड्री आली, माडी आली.

लग्नाच्या दिवशीच मेलेल्या सवतीची प्रतिमा कोरलेला चांदीचा टाक बायाक्कांच्या गळ्यात बांधला गेला. तेव्हापासून नवे लुगडे आले की आधी टाकाला दाखवायचे, मग स्वतः नेसायचे. पाटल्या आल्या, आधी टाकाला. जोतिराम गेल्यावर टाक देव्हाऱ्यात गेला, पण रीत चुकली नाही. साऱ्या जन्मात एकही वस्तू बायाक्कांच्या हाती पहिल्यांदा म्हणून आली नव्हती. म्हणून त्यांचा जीव खरे तर नव्या गाडीत होता. कोणत्याही बाईचे बोट न लागलेली, आपली म्हणून एक गाडी.

पण नवी घेतली तर ती जयाबाईंच्या बरोबरीची. वरचढ नव्हे.

समोरचा चहा निवला, त्यावर साय धरली, तेव्हा बायाक्का बोलल्या. "वापरलेलीच आण. निपाणीत मात्र कुणाफुडं बोलायचं न्हाय."

गाडी टाकाला दाखवायची का, असे सुनेने विचारले. "दुसऱ्याच्या उतरलेल्या गाडीला कसला मान?" असे म्हणून बायाक्कांनी पहिल्यांदाच ती रीत मोडली.

गाडी गडद हिरवी होती, जमिनीला चिकटून बसल्यासारखी, आणि तिला आसने दोनच. मंथनने ती बेंगळूरहून स्वतः चालवीत आणली.

"शेजारच्या सीटचा बेल्ट लावा म्हणून सारखी घंटी वाजत होती गं. सीट तर मोकळी. हुबळीला शेवटी मोकळ्या सीटलाच बेल्ट लावला, तवा गप झाली."

मेकॅनिकने दोन दिवस तपासली. दोष सापडला नाही.

मग बायाक्का मोठ्या कष्टाने वाकून आत बसल्या. "मला बांधून घालू नगंस," म्हणून त्यांनी पट्टा दूर सारला. मंथनने गाडी सुरू केली. घंटी वाजली नाही.

"बघ की! तू बसलीस तर गाडीला पत्ताच न्हाय, आज्जी," तो हसला. "मोकळीच समजतीया."

बायाक्का हसल्या नाहीत. त्या उतरल्या, दार लागले, आणि रिकाम्या आसनासाठी घंटी वाजू लागली.

"उद्या निपाणीला जायचं," त्या म्हणाल्या.

सकाळी दहाला निघाले. बायाक्का ठेवणीतले इरकल नेसल्या होत्या. हत्तरगी मागे पडली, संकेश्वर गेले. ट्रकवाले माना वळवून पाहत होते आणि बायाक्कांची मान ताठ होती. मात्र आसन त्यांना पुरेना. दोघींनी एका पाटावर बसावे तसे त्यांचे अंग दारापासून मंथनच्या बाजूला दाबले जात होते. तवंदी घाटात आंबूस वास आला. भाताच्या पेजेचा, ओल्या सुताचा.

"मंथन, खळीचा वास येतोय रं."

"खळ? लेदरचा असंल, आज्जी."

बायाक्कांनी काच खाली केली. वारा आत आला. वास गेला नाही.

जयाबाईंच्या गल्लीतल्या गतिरोधकावरून मंथनने बटण दाबून गाडीचे नाक उचलून ती अलगद पार केली आणि दारात उभी केली. शेजारीपाजारी गोळा झाले. मंथन नारळ फोडायला पुढे उतरला. जयाबाई ओवाळणीचे ताट घेऊन पायरी उतरल्या आणि थेट बायाक्कांच्या खिडकीशी आल्या.

बायाक्कांनी वाक्य तयार ठेवले होते. जयाबाईंचे तोंड उतरलेले पाहायला त्या सव्वा तास चेंगरून आल्या होत्या.

जयाबाईंचे तोंड उतरले नाही. ते उजळले.

"मनू! अगं, कितीक वरसांनी गं! बारीकच ऱ्हायलीस की."

"आक्का, मी हाय," बायाक्का म्हणाल्या. "मी, बायाक्का."

जयाबाईंची पापणी हलली नाही.

"तुला ह्यातलं कायबी बघायला मिळालं न्हाय बघ," त्या म्हणाल्या. "बरं झालं आलीस. बस निवांत."

त्यांनी कुंकवात बोट बुडवले. अठरा वर्षांच्या वैधव्याच्या सवयीने बायाक्कांनी डोके मागे घेतले.

बोट त्यांच्यापर्यंत आलेच नाही. वीतभर अलीकडे, मोकळ्या हवेत ते थांबले, कशावर तरी टेकले आणि गोल फिरले.

हात मागे गेला.

कुंकू तिथेच राहिले. ओले, गोल, बायाक्कांच्या डोळ्यांसमोर.

जयाबाईंनी आत नजर टाकली.

"आन् बायाक्का? ती न्हाय आली व्हय?"

ते लाल टिंब हळूच डावीकडे वळले. मग उजवीकडे.