सावडीचा बैल

कानिफनाथांचे पुत्र आप्पासाहेब, आप्पासाहेबांचे रंगनाथ, रंगनाथांचे आसाराम. जेऊरकडच्या वस्तीवर या घराण्याविषयी एकच गोष्ट सांगत असत, की यांच्या अंगावर कुणाची सावड राहिली नाही. आपला एक बैल, शेजाऱ्याचा एक, मिळून जोडी. आज तुझे रान, उद्या माझे. या व्यवहाराला कागद लागत नसे, शब्द पुरत असे. आसारामांच्या माघारी त्यांचा मुलगा मच्छिंद्र नागापूरच्या कारखान्यात लेथवर उभा राहिला. पतीचे नाव घेणे मला आजही रुचत नाही; परंतु तेव्हा ते माझे कोणी नव्हते, म्हणून या कथेपुरते घेते.

त्र्याहत्तर साल होते. दुष्काळ सरला होता आणि भाद्रपदातली भुरभुर सावेडीच्या कच्च्या रस्त्यावर उतरत होती. मी सायकलवरून ओल्या मातीचे पोते नेत होते. सुतळी तुटली आणि पोते चिखलात बसले. समोरून पाळी संपवून एक उंच तरुण येत होता. तो थांबला, पोत्याकडे पाहिले, मग माझ्याकडे… जरा जास्तच वेळ.

"बाई, पैज लावता? आता येनाऱ्या टांग्याचा घोडा पांढरा आसंल."

"आणि नसला तर?"

"तर हे पोतं मी नेतो."

"आणि असला तर?"

"तरी मीच नेनार. पर जिंकून नेनार."

मी हसू दाबले. टांगा आला, घोडा तांबडा होता. मच्छिंद्रांनी पोते खांद्यावर घेतले आणि म्हणाले, "सवयच हाय हरायची." हे वाक्य विनोदाने म्हटलेले होते. पण त्यांचे डोळे हसत नव्हते, हे मी पाहिले.

ते पोते माझ्या आत्याबाईंच्या दवाखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जायचे होते. आत्याबाई, म्हणजे डॉक्टर बनुबाई, मनोविकारांच्या जाणकार होत्या. मटक्याच्या आकड्यापायी घर उधळलेली माणसे त्यांच्याकडे येत. "उपदेश यांच्या बायकांनी भरपूर केला आहे," त्या म्हणत, "आपण यांच्या हातांना बोलू द्यावे." म्हणून कुणी हलगी घेऊन आकडा फुटण्याआधी छातीत जे होते ते वाजवून दाखवी, कुणी कोळशाने भिंतभर चित्र काढी, कुणी मुखवटा रंगवून त्याच्या आडून घरच्यांशी बोले. मी चित्रकलेची शिक्षिका; रंग आणि माती माझ्याकडे असे. नियम एकच होता. केलेल्या वस्तूविषयी कुणी मत द्यायचे नाही. करणाऱ्याने त्या वस्तूच्या तोंडून बोलायचे.

मी पैजेची गंमत सांगितली, तशी पोते उतरवणाऱ्या मच्छिंद्रांना आत्याबाईंनी नखशिखांत न्याहाळले. "घोड्याच्या रंगावर पैज लावणारा माणूस दारात आला आहे. बसा, हात धुवून या."

ते बसले. आणि येत राहिले. प्रारंभी माझ्यासाठी, असे ते पुढे नेहमी सांगत. मला ते खोटे वाटत नाही.

त्यांनी मातीचा एक बैल केला. मान खाली, वशिंड ऐटीत, खांद्यावर जू. जुवाची दुसरी बाजू मात्र मोकळी. पुन्हा केला तोही तसाच.

"हा काय म्हणतो?" मी नियमाप्रमाणे विचारले.

"म्हनतो, मी छावनीत मेलो. दुष्काळात चारा न्हवता." ते मान वर न करता म्हणाले. "शेजारच्या सहादेवतात्यांना बी तेच सांगितलंय. आमची सावड हुती. त्यांचा बैल एकटा राह्यला."

मी त्या बैलाच्या पोटावर बोट ठेवले. दुष्काळात मी छावणीत जनावरांची चित्रे काढली होती. त्यांच्या बरगड्या मला पाठ होत्या. हे पोट गोल होते, तुकतुकीत होते.

"छावणीतला बैल इतका भरलेला?"

मग मातीच्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून ते बोलू लागले, आणि आवाज त्यांचा राहिला नव्हता. "मला घोडेगावच्या बाजारात इकला. त्याच दिशी सगळं आकड्यावर लावलं. मी वळून बघत हुतो, आन् ह्यो बघत न्हवता." दुष्काळभर सहादेवतात्यांनी स्वतःचा बैल झाडपाल्यावर जगवला होता, पाऊस आला तेव्हा जोडीला कुणी नव्हते, आणि त्यांचे रान पडीक राहिले.

हलगीवाल्याने हलगी बाजूला ठेवली. त्या दिवशी मला या माणसाविषयी जो आदर वाटला, तो आजतागायत उतरलेला नाही. लबाडी झाकायला जीभ पुरेशी होती. पण त्यांच्या हातांना खोटा बैल करता आला नाही.

जाताना ते दाराशी थांबले. "बाई, तुमी कधी मातीचं कायच करत न्हाई. ह्या जुवाखालचा दुसरा बैल तुमी करा. सावड समजा."

"करीन. वेळ आली की फेडीन."

"पैज लावतो, लग्नाला तुमी मला नाही म्हननार न्हाई."

"मी पैजेत नाही," मी म्हणाले, "आणि सहादेवतात्यांनी सावड फिटली म्हणेपर्यंत हा विषयही नाही."

ते वस्तीवर गेले आणि तात्यांना खरे सांगितले. तात्यांनी ऐकून घेतले. "बैल मेला म्हनून म्या सुतक धरल्यावानी बसलो हुतो रं," एवढेच बोलले आणि आत गेले. मच्छिंद्र परत आले ते चेहरा पाडून. त्या आठवड्यात ते मटक्याच्या टपरीपर्यंत गेले होते. खिशात शेडमधला मातीचा गोळा होता, तो मुठीत मळत मळत माघारी फिरले. पुढे तो गोळा रोजचाच झाला. त्यांच्या आई भागूबाई धुण्याच्या दगडावर करवादत, "ह्याच्या खिशात कुंभार राहतो का काय?"

पगारातून मागे टाकत त्यांनी उन्हाळ्यात घोडेगावच्याच बाजारातून बैल घेतला. दोराची गाठ बैलाला काचत नाही ना, हे वस्ती येईस्तोवर पाहत होते म्हणे. बैल त्यांनी सहादेवतात्यांच्या दारी बांधला.

"माझं रान मागनं," ते म्हणाले, "आधी तुमचं."

रजा घेऊन ते नांगरावर उभे राहिले. मी आत्याबाईंसह बांधावर गेले तेव्हा नांगराचे शेवटचे तास चालू होते. काळी ढेकळे उलटत होती, बगळे मागोमाग चालत होते, आणि मच्छिंद्रांच्या पाठीवर घाम व माती एक झाली होती. तात्यांनी नांगर थांबवला. नव्या बैलाच्या मानेवरून हात फिरवला.

"आसारामाचा हाईस खरा. फिटली सावड."

मच्छिंद्र माझ्याकडे वळले. या वेळी पैजेचा शब्द नव्हता. मी पदराआडून रुमालात गुंडाळलेली वस्तू काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

त्यांनी ती फिरवून पाहिली. "ड्रॉईंगच्या बाई… ह्यो बैल हाय का गाढव?"

"तुमच्या जोडीला चालेल ते समजा."

कमरेच्या पिशवीतून त्यांनी स्वतःचा मातीचा बैल काढला. मोकळ्या जुवाखाली माझा तो ओबडधोबड बैल बसवला. शिंग जुवाला अडत होते. त्यांनी खिशातल्या ओल्या गोळ्यातली चिमूटभर माती लावून ते सारखे केले, आणि हलक्या आवाजात म्हणाले,

"ह्यी बी फिटली."