कापूस आवाज पितो

कापूस आणायला म्हणून अश्वजित त्याच्या गावी, रोहण्याला गेला, आणि तिथून हे सगळं सुरू झालं. दोन हजार चोवीसची दिवाळी, त्या सुट्टीतला रविवार. म्हणजे फार जुनं नाही. ऐकीवही नाही. प्रफुल, तो मोबाइल आधी उलटा ठेव. घरात थेटर बसवायचं म्हणून नाचतोयस ना, मग ऐक. त्या खोलीचं वायरिंग माझ्या हातचं आहे. उरलेलं अश्वजितनं मला याच ओट्यावर बसून सांगितलं, आणि सारी हयात टेलिफोन खात्यात काढूनही तो माणूस थापा मारायला शिकला नव्हता.

आपल्या पिपरी मेघेतच घर आहे त्याचं. त्याला नाद एकच, आवाजाचा. एका बंद पडलेल्या टॉकीजच्या पडद्यामागचे दोन भोंगे त्यानं आणले होते. झाडावर बांधतात तसले पत्र्याचे नव्हेत. लाकडी, माणसाच्या खांद्याला लागतील एवढे उंच, आणि तोंड इतकं रुंद की ही गुंजन त्यात मांडी घालून बसेल. हॉलमध्ये लावले तर मांडणीवरची भांडी नाचायला लागली. त्याच्या बायकोनं, पौर्णिमावहिनींनी, सरळ सांगितलं, घरात एक तर हे भोंगे राहतील, नाही तर मी. तेव्हा त्यानं घरामागच्या मोकळ्या जागेत एक खोली काढली. राहायची नाही, झोपायची नाही. नुसती ऐकायची.

हा नाद बापाकडून आलेला. नत्थूजींचा रोहण्यात एकुलता एक भोंगा होता. जयंतीच्या आदल्या संध्याकाळी ते कडुनिंबावर चढून तो बांधायचे आणि धाकट्या अश्वजितला पार नाल्यापलीकडच्या वावरात उभं करायचे. वरून ओरडायचे, "आला का?" म्हणजे आवाज आला का. हा तिकडून दोन्ही हात वर करून ओरडायचा, "आला!" थोरला रूपराव झाडाखाली वायर धरून उभा असायचा. त्याला कुणी काही विचारायचं नाही. वायर सोडू नको, एवढंच सांगायचं.

आता खोली. समोरासमोर दोन सरळ भिंती असल्या की आवाज त्यांच्यात आपटत राहतो, म्हणून त्यानं भिंती मुद्दाम तिरक्या घेतल्या. मिस्त्री काटकोनाचा गुण्या लावून लावून रडकुंडीला आला. "साहेब, गावात तोंड दाखवाची सोय नाई ठेवली तुमी," म्हणाला. भिंती दुहेरी, मधे रेती. खिडकी नाही, हवेसाठी नागमोडी नळी. एकामागे एक दोन जाड दारं आणि भोंगे चोरीला जाऊ नयेत म्हणून बाहेरून दणकट कडी. भोंगे दोन कोपऱ्यांत. फरशीवर एका जागी खडूची खूण: खुर्ची इथंच, आणि एकच. दोन्ही भोंग्यांचा आवाज नेमका तिथंच जुळतो.

एवढं करूनही टाळी वाजवली की खोली टंण्ण करून उलट बोलायची. त्यावर इलाज कापसाचा. लाकडी चौकटीत कापूस भरायचा, वरून मांजरपाट शिवायचा आणि चौकट भिंतीला ठोकायची. कापूस आवाज पितो. मी तेव्हा चेष्टेनं विचारलं होतं, पितो, मग तो आवाज जातो कुठं? अश्वजित हसला होता.

तर कापूस मागायला तो रोहण्याला दादाकडे गेला. रूपराव म्हणाला, "इकत काऊन घेतं बाप्पा? जुन्या गाद्यायचा कापूस माळ्यावर पडून हाये. पोती भरून नेजो." सहा पोती निघाली. दादानं स्वतः पाठीवर घेऊन गाडीत टाकली. येताना अश्वजितचा ऊर भरून आला होता, असा भाऊ कुणाला मिळतो म्हणून.

त्या दादावर त्याचा जीव होता, याला कारण होतं. नत्थूजी जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. शेवटची अकरा वर्षं ते रूपरावाकडेच अंथरुणाला खिळून होते. जूनमधल्या एका बुधवारी सकाळी दादाचा फोन आला, "बाबा गेले. राती झोपले ते झोपलेच. कोणाले हाक नाई मारली. सुखानं गेले." अश्वजित दुपारी पोचला. त्याला एकच करायचं होतं. वाकून बापाच्या कानात सांगायचं होतं, बाबा, मी आलो. पण कानांत कापसाचे बोळे घातलेले होते. त्याच्या नजरेत एवढंच भरलं की बोळ्यांना लाल धागा चिकटलाय, गादीच्या खोळीचा असतो तसा. कापूस पिकवणाऱ्या घरात बापाच्या कानाला चांगला कापूस मिळू नये, याचं त्याला वाईट वाटलं. ती गादी घाटावरच जाळली, असं दादानं नंतर सांगितलं. सुखानं गेले, कोणाला हाक मारली नाही. या दोन वाक्यांच्या आधारावर अश्वजित बारा वर्षं झोपत होता.

आता तारीख ऐका. तेवीस नोव्हेंबर, शनिवार. विसरायची सोयच नाही, विधानसभेचे निकाल लागले तो दिवस. साऱ्या वर्ध्यात डीजे, फटाके, गुलाल. चौकटी त्याच दुपारी ठोकून झाल्या होत्या. खोलीची परीक्षा घ्यायला याहून चांगली रात्र कोणती, म्हणून सव्वाअकराला अश्वजित आत गेला. पहिलं दार लावलं, डीजे दूर गेला. दुसरं लावलं, डीजे संपला. त्यानं टाळी वाजवली. टाळी तळहातातच मेली. खूश होऊन तो खुर्चीवर बसला. भोंगे अजून चालूही केले नव्हते.

"आला का?"

डावीकडून आलं. हळू. आणि अश्वजितच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "आला!"

मग त्याच्या लक्षात आलं, आपण कुणाला उत्तर दिलं.

तो घाबरट नाही. घरात असलं काही मानत नाहीत. त्यानं मोबाइल बंद केला. भोंग्यांच्या वायरी उपटल्या. मी बसवलेलं मेन बटण खाली पाडलं. खोलीत मिट्ट काळोख. तो कान देऊन उभा राहिला.

"अश्वजित… आला का?"

भिंतीतून. गुडघ्याच्या उंचीवरून. खाटेवर पडलेला माणूस बोलतो, तिथून.

आणि त्याच भिंतीतून दुसरा आवाज. दणकट. ओळखीचा.

"फोन लावला हाये बाबा. येऊन राह्यला तो."

मग पुन्हा…

"सोमवार गेला ना रे… आला का?"

"निघाला, बाबा. पडा तुमी."

"मंगळवार बी गेला… अश्वजित…"

अश्वजित भिंतीला बिलगला. मांजरपाटाला तोंड लावून ओरडला, "बाबा, मी आलो! आलो ना मी!" पुन्हा ओरडला. पुन्हा. काही उपयोग नाही. त्यांना ऐकूच जात नव्हतं. तोच सूर, तोच प्रश्न. आला का? आला का?

पहाटे त्यानं डावीकडच्या चौकटीची शिवण उसवली. कापसात बापाच्या गादीच्या खोळीची एक पट्टी निघाली. पांढऱ्यावर लाल रेघा. त्यानं ती परत आत घातली आणि शिवण घालून टाकली.

मला म्हणाला, "काका, भीती नाई वाटली मले. फसवलं माह्या भावानं, एवढंच वाटलं." टेलिफोन खात्यातला माणूस. तेव्हा घरात दोन फोन होते. तीन दिवस एकही वाजला नव्हता. आणि तिकडे बाप दर घडीला विचारत होता, आणि दादा दर घडीला सांगत होता, येऊन राह्यला. म्हणजे बापानं डोळे मिटले ते धाकटा येतो म्हणून सांगून आलाच नाही, असं समजून. हे त्याला सहन झालं नाही. तुम्हालाही झालं नसतं.

पुढच्या शनिवारी, तीस तारखेला, त्यानं दादाला बोलावलं. खोली पाहाले येजो म्हणाला. रूपराव तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन एसटीनं आला. जेवणं झाली. साडेदहाला अश्वजित त्याला आत घेऊन गेला, त्या एकुलत्या खुर्चीवर बसवलं आणि मागे उभा राहिला. दोन्ही दारं लावली. भोंगे बंदच.

"आला का?"

रूपराव दचकला. पण हे काय आहे, कुठून येतंय, असं त्यानं विचारलं नाही. नुसती मान खाली घातली. तिथंच अश्वजितला सगळं मिळालं.

"बाबाची गादी जाळली म्हणे ना तू?"

"जीव नाई झाला. घरचा चांगला कापूस होता."

"अन् फोन?"

भिंत बोलत होती. येऊन राह्यला, बाबा. येऊन राह्यला…

"दादा, फोन काऊन नाई केला?"

"अकरा वर्षं त्याचं हागणं-मुतणं म्या काढलं," रूपराव म्हणाला. "अन् शेवटी तोंडात नाव तुहं. रातदिवस तुहं. एकदा, फक्त एकदा त्यानं माहं नाव घेतलं असतं ना, त्याच घडीले तुले फोन लावला असता. घेईन म्हणून वाट पाहून राह्यलतो मी."

"मंग पाह्य वाट."

अश्वजित बाहेर आला. आतलं दार लावलं. बाहेरचं लावलं. कडी घातली. अकराला दहा मिनिटं कमी होती.

तो पायरीवर बसला. दूर मालगाडी गेली. कुत्री भुंकून गप्प झाली. दारामागून काही नाही. एक टाचणी नाही. तशीच खोली बांधली होती त्यानं.

एक वाजता पौर्णिमावहिनी उठून आल्या. "दादा कुठी हायेत?"

"आत. गाणं ऐकून राह्यले. तू झोप."

बोलला, आणि स्वतःचाच आवाज त्याला भावासारखा वाटला. दोनदा कडीला हात घातला. दोनदा त्याला आठवलं, निघाला बाबा, पडा तुमी. हात काढून घेतला. दोन वाजले. साडेतीन. चार…

पाच वाजून दहा मिनिटांनी त्यानं कडी काढली.

रूपराव खुर्चीवर नव्हता. डाव्या भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसला होता. दोन्ही हातांची बोटं दार बडवून फुटलेली. घसा पार बसलेला, नुसता वारा यायचा. पण चेहरा… अश्वजित म्हणाला, दादाचा असा चेहरा मी जन्मात पाहिला नव्हता. निवलेला. लहान पोराचा असतो तसा.

"तुले हाका मारल्या," रूपराव म्हणाला. "रातभर."

"ऐकू नाई आल्या."

"मालूम हाये."

"तू नाई आला," रूपरावच पुढं म्हणाला. "बाबानं ओ देल्ली."

"काय?"

"नाव घेतलं माहं. काय झालं रूपराव, म्हणे… मी हाये ना, म्हणे…"

एवढंच. चहासुद्धा न घेता तो उठला आणि पहिल्या एसटीनं रोहण्याला गेला. आजपर्यंत दोघं भाऊ एकमेकांशी बोललेले नाहीत.

आणि त्या दिवसापासून ती खोलीही बोललेली नाही. अश्वजित रोज रात्री जाऊन बसतो. भोंगे लावत नाही. डाव्या भिंतीला तोंड लावून सांगतो, बाबा, मी आलो. पण आता तिकडून कुणी विचारतच नाही. मला सांगताना हा साठीचा माणूस ढसाढसा रडला. "दादानं फसवलं ते फसवलं, काका," म्हणाला, "पण माही हाक होती ना ती. बाबानं ती त्याले काऊन देल्ली?" मी पाणी आणून दिलं.

एक राहिलं. त्या पहाटे दादा गेल्यावर तो खोलीतला दिवा मालवायला परत आत गेला. चौकटी जागच्या जागी होत्या. शिवण कुठंही उसवलेली नव्हती, त्यानं टाका न् टाका तपासला. फक्त खुर्चीवर काहीतरी पडलं होतं.

कापसाचे दोन बोळे. पिवळे पडलेले, कानाच्या आकारात दबलेले, हाक ऐकायला कुणी कानांतून काढून ठेवावेत तसे. बापाचे बोळे त्या बुधवारी घाटावर त्याच्या डोळ्यांदेखत बापासोबत जळाले होते.

काडेपेटीत ठेवलेत त्यानं. मला उघडून दाखवले. मी हात लावला नाही.

दोन्हींना लाल धागा होता.