आनेलीचा हात

ही गोष्ट खरी आहे. तिला मसाला लावलेला नाही, आणि लावायची गरजही नाही. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं.

आणि हो, रात्री बाराला, अमावस्येला वगैरे काही झालं नाही. भर दुपारी झालं. गेल्या माघात, बनारसच्या रामघाटावर, शरदिनीताईंच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत.

शरदिनीताई म्हणजे शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेल्या, लग्नाच्या भानगडीत न पडलेल्या, आणि एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेवाचंही न ऐकणाऱ्या. थोरले भाऊ वेणीमाधव घाटावर श्राद्धकर्मं करतात. त्यांचा मुलगा निमिष बँकेत आहे. तिघं एकाच घरात राहतात.

शिवाय एक मैत्रीण होती. आनेली. फिनलंडमधल्या कुठल्याशा तळ्याकाठच्या गावातली.

शाळेत शिकत असताना एका मासिकातून पत्ता मिळाला, आणि दोघी जणी लिहायला लागल्या त्या लिहीतच राहिल्या. भेट एकदाही नाही. म्हणून त्यांनी आपली एक रीत पाडली होती. पत्राच्या शेवटी सही करायची नाही. डावा हात कागदावर ठेवायचा आणि त्याच्या कडेनं पेन फिरवायचं. पत्र पोचलं की दुसरीनं त्या आकृतीवर आपला हात ठेवायचा. झाली भेट!

आनेलीची करंगळी वाकडी होती. लहानपणी बर्फावर पडून मोडली आणि तशीच जुळली. हजार हातांत शरदिनीताईंनी तो हात ओळखला असता.

मग आनेलीचा हात थरथरायला लागला. अक्षर वेडंवाकडं झालं, पत्रं अर्धवट यायला लागली, आणि शेवटी बंदच झाली. तिच्या मुलीनं, काइसानं, कळवलं की आईला आता पेन धरवत नाही, ईमेल चालेल का?

"अच्छाच आहे ना आत्या," निमिष म्हणाला. "डाकेचा काय भरोसा? चिठ्ठी पोचेपर्यंत मौसम बदलतो. मेल टाक, चहा उकळेपर्यंत जवाब हाजिर."

"आणि हात?"

"हाथ का फोटो भेज देना."

शरदिनीताईंना असा राग आला! पण मैत्रिणीसाठी ऐकलं. निमिषनं आपला जुना लॅपटॉप त्यांच्या टेबलावर मांडून दिला.

उत्तरं यायला लागली. लगेच. आणि छान छान. एक चूक नाही, एक खाडाखोड नाही. पूर्वीची आनेली नवऱ्याला शिव्या घालायची, शेजारणीच्या कुत्र्यावर पानभर चिडायची. आता ती कुणावरच चिडत नव्हती.

"शहाणी झाली की काय ही!" शरदिनीताई पुटपुटायच्या. त्यांना ते मुळीच आवडलेलं नव्हतं.

आणि मग ती दुपार आली.

नदीवरचं धुकं अजून हललं नव्हतं. शरदिनीताई मेल वाचत होत्या. वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं...

माकडं नाहीत.

त्या वेळी गच्चीवर माकडांचा धुडगूस चालू असतो. मंगला गौरीच्या देवळातून घंटा ऐकू येते, खालून नावाड्यांची हाकाहाक. त्यातलं काही म्हणजे काही नव्हतं.

आणि त्या शांततेत...

कर्र... कर्र...

कागदावर निब फिरल्याचा आवाज. अगदी जवळून. त्यांच्या डाव्या हाताशी.

त्यांनी मान वळवली. आवाज थांबला.

त्या पुन्हा स्क्रीनकडे वळल्या...

कर्र... कर्र... कर्र!

आता जोरात. कुणीतरी संतापून ओळींवर ओळी खोडत असल्यासारखा.

लॅपटॉपच्या शेजारी, टेबलाच्या कोरड्या लाकडावर ओल उमटत होती. बारीक रेघेसारखी. अंगठा... मग एक बोट... मग दुसरं...

डावा हात.

करंगळी वाकडी.

शरदिनीताई भ्यायल्या. खोटं कशाला सांगा? पण पळाल्या नाहीत. त्यांनी निमिषला हाक मारली.

तो आला. "पानी गिरा होगा," म्हणत त्यानं बाहीनं पुसलं.

तो अजून पुसतच होता... आणि बाहीच्या मागोमाग तीच रेघ पुन्हा उमटत गेली.

निमिषचा चेहरा पांढराफटक पडला. "आत्या... ये क्या है?"

शरदिनीताईंनी लॅपटॉप पुढे ओढला. मेल लिहिला. आनेली, तुझं कुठलं बोट वाकडं आहे?

चहा ठेवायलाही वेळ मिळाला नाही इतक्यात उत्तर आलं. किती सुंदर प्रश्न! आपल्या आठवणी किती मौल्यवान आहेत! तुझी तब्येत कशी आहे? वगैरे वगैरे. बोटाचं नाव नाही.

"ही आनेली नाही," त्या म्हणाल्या.

"मग तिकडून लिहितंय कोण?"

"ते मला माहीत नाही. पण आनेली तिकडे नाही, निमिष." त्यांनी टेबलावरच्या ओलीकडे पाहिलं. "आनेली इथं आहे."

त्यांनी काइसालाच लिहून सरळ विचारलं. या वेळी उत्तर लगेच आलं नाही. आलं तेव्हा त्यात चुका होत्या, म्हणजे ते माणसानं लिहिलेलं होतं. आई हिवाळ्याआधीच गेली. तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही. मी कॉम्प्युटरला सांगायची, तो आईसारखं लिहून द्यायचा, मी पाठवून द्यायची. माफ करा.

शरदिनीताई हमसून हमसून रडल्या. जन्मभराची मैत्रीण गेली, आणि त्या आपल्या एका यंत्राला मायेनं खुशाली विचारत बसल्या होत्या! रडून झाल्यावर त्यांनी लॅपटॉप मिटला आणि निमिषच्या हातात ठेवला. "घेऊन जा. माझ्या टेबलावर हे पुन्हा दिसता कामा नये."

वेणीमाधवांना कळलं तेव्हा ते गंभीर झाले. "बाहेरचं काही घरात ठेवू नये, शरू. तिची सगळी पत्रं गंगेत सोड."

"पत्रं कुठंही जाणार नाहीत. पिंड दे हवा तर."

"परदेशी बाई ती. गोत्र कुठलं सांगू?"

"गोत्र माहीत नसलं की काश्यप. तूच सांगतोस ना यजमानांना?"

अमृतराव घाटावर पिंड मांडला. कावळे होते. कठड्यावर ओळीनं बसलेले होते.

एकही शिवेना.

वेणीमाधवांनी हात जोडून शब्द दिले. तुझी पत्रं सांभाळू. तुझ्या मुलीला क्षमा करू. तुझी आठवण ठेवू.

कावळे हलले नाहीत. ओरडलेसुद्धा नाहीत.

शेवटी वेणीमाधवांनी दर्भ उचलला. कावळा शिवत नाही म्हटल्यावर दर्भाचाच कावळा करतात, तो पिंडाला लावतात, आणि जीव सुटला असं समजून माणसं घरी जातात. घाटावर हे नेहमीचंच आहे.

त्यांनी दर्भाला गाठ मारायला घेतली...

आणि शरदिनीताईंनी तो त्यांच्या हातातून हिसकावून घेतला.

"शरू!"

"खोटा कावळा चालणार नाही, दादा! तिच्या नावानं खोटी पत्रं आली, ती मी गोड मानून वाचली. आता हेही? तिला जायचं असेल तर खऱ्या कावळ्यानं जाईल. नसेल जायचं तर राहील."

"राहील? कुठं? आपल्या घरात? पागल झालीस का!"

"मरायला काशीत सगळी दुनिया येते. ही मेल्यावर एवढ्या लांबून आली. तिला मी हाकलून देऊ?"

त्यांनी दर्भ पाण्यात भिरकावला आणि पायऱ्या चढायला लागल्या. मागे वळून पाहिलं नाही. पण निमिषनं पाहिलं...

कठड्यावरच्या सगळ्या कावळ्यांच्या माना त्यांच्याबरोबर वळत होत्या.

आता शरदिनीताई पुन्हा हातानं लिहितात. आनेलीलाच. पाकिटावर पत्ता नसतो. पत्र टेबलावर ठेवतात आणि झोपायला जातात. त्या गच्चीवर माकडं अजून फिरकत नाहीत. वेणीमाधव वरचा जिना चढत नाहीत.

"डर नहीं लगता, आत्या?" निमिषनं एकदा विचारलं.

"वाटते ना भीती. म्हणून लिहायचं सोडू?"

आणि परवाची गोष्ट. त्यांनी पत्र पुरं केलं, डावा हात कागदावर ठेवला, कडेनं पेन फिरवायला सुरुवात केली. अंगठा... तर्जनी... मधलं बोट... अनामिका...

करंगळीपाशी पेन बाहेर वळलं.

शरदिनीताईंनी हात उचलला. कागदावरची करंगळी वाकडी होती.

त्यांनी हाताकडे पाहिलं...

हाताचीही.

दुखत नव्हती. त्यांनी ती जराशी हलवून बघितली. "बरं," एवढंच म्हणाल्या, आणि पुढचा कागद ओढला.

ते नवं पत्र त्यांनी पानभर लिहिलं. निमिषनं ते पाहिलंय. कुणाच्या तरी कुत्र्यावर चिडून लिहिलेलं आहे. आणि रामघाटावरच्या त्या गल्लीत, शप्पथ सांगतो, कुणाच्याही घरी कुत्रा नाही.