चौदावं पान

सरोजिनीबाईंचा स्वभाव संशयी, हे त्यांना स्वतःलाही मान्य होतं. भाजीवाल्याच्या काट्यापासून सोसायटीच्या पाण्याच्या मीटरपर्यंत कुठल्याही आकड्यावर त्यांचा पटकन विश्वास बसत नसे. सानपाड्याच्या त्या घरात माणसं तिघंच: त्या स्वतः, उरणच्या गोदामातून निवृत्त झालेले विलासराव आणि ऐरोलीला नोकरी करणारा निखिल. निखिलच्या वेळी फार अवघड झालं होतं. पोट उघडावं लागलं, आणि आता पुन्हा मूल नको असं डॉक्टरांनी बजावलं. मुलीची हौस तिथेच राहिली. इतकी वर्षं झाली तरी दुसऱ्याच्या लेकीची वेणी दिसली की बाईंची नजर तिथेच अडकायची.

म्हणजे निखिलनं अबोली आल्हाटचं नाव काढलं तेव्हा त्यांना आनंद व्हायला हवा होता. अबोली त्याच्याच ऑफिसातली. नगरकडच्या मराठी ख्रिस्ती घरातली, आईबापांची एकुलती एक. घरी आली की सरळ स्वयंपाकघरात शिरायची, ओट्यापाशी उभी राहून मटार सोलायची आणि आईच्या तक्रारी सांगायची. बाईंना ती मनापासून आवडली. आवडली म्हणूनच संशय वाढला. लोकं एवढी चांगली, मुलगी एवढी गोड, म्हणजे कुठेतरी खोट असणार.

दोन्ही घरांनी एकदा एकत्र जेवावं आणि मग तारीख काढावी, असं ठरलं. तिकडून सात जण येणार होते. इकडून घरचे तिघं, विलासरावांचा भाऊ हरेश, त्याची बायको नमिता आणि मालवणहून आलेल्या काशीआत्या. रविवारी सकाळी केळीची पानं पुसता पुसता बाईंच्या लक्षात आलं, की हे तेरा होतात.

तेरा पानं म्हणजे कुणाचं तरी तेरावं. शुभकार्याच्या पहिल्याच पंगतीला! पण या घराकडे अशा अडचणींना तोड होती. तिघं मिळून बाहेर निघाले की खिशात एक खडा टाकायचा, तो चौथा. पूजेला जोडीदार नसला तर त्याच्या जागी सुपारी मांडायची. बाईंनी डब्यातून एक सुपारी काढली, तिला कुंकू लावलं आणि भिंतीकडेला चौदावं पान मांडून त्यावर ठेवली.

आत्या खुर्चीतून बघत होत्या. “नाव घे कोनाचा तरी,” त्या म्हणाल्या. “बिननावाची सुपारी मांडू नये. आनि जेवना झाली की अक्षता घालून जागची हलव तिला. तशीच ठेवायची नाय.”

बाईंनी मनातल्या मनात एक नाव घेतलं. कुणाचं, ते त्यांनी आत्यांना सांगितलं नाही.

आल्हाट मंडळी आली. अबोलीचे वडील शांतवनराव निवृत्त मास्तर. दर रविवारी देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, मुलांना बायबल शिकवायचे. आत येताच त्यांची नजर पानांवरून फिरली आणि ओठ हलले. मोजतोय हा, बाईंनी लगेच टिपलं. आपल्या घरात येऊन आपली पानं मोजतोय.

अबोलीच्या आई सुमेधाताई म्हणाल्या, वाढायला कुणी मागे राहायचं नाही, भांडी मधे ठेवू, सगळे एकदमच बसू. तसं सगळे बसले. सुपारीच्या पानावरही बाईंनी घासभर वरणभात वाढला. शांतवनरावांनी ते पान कुणाचं म्हणून विचारलं. तेरा नकोत म्हणून, असं विलासरावांनी हसत सांगून टाकलं. मास्तर मात्र हसले नाहीत.

मग ते आकड्यांवरच बोलत राहिले. त्यांच्या शास्त्रात आकडा नुसता मोजायला नसतो, त्याला अर्थ असतो. सात म्हणजे पूर्णता. चाळीस म्हणजे कसोटीचा काळ, मग तो पावसाचा असो की रानातल्या उपासाचा. चार म्हणजे पृथ्वी, तिच्या चारी दिशांसकट. चौदा तर वंशावळीचा आकडा, पिढ्या चौदा-चौदांनी मोजलेल्या. निखिल भक्तिभावानं ऐकत होता. होणाऱ्या सासऱ्यापुढे त्यानं बाराचा पाढासुद्धा तसाच ऐकला असता.

“आणि तेरा?” हरेशनं विचारलं.

“शेवटच्या भोजनाला प्रभू धरून तेराच होते,” शांतवनराव म्हणाले. “त्यातला एक जण उठून बाहेर गेला, अंधारात. पुढं त्याच्या जागी चिठ्ठ्या टाकून दुसरा घेतला. शिष्य बाराचे बाराच राहिले. मला त्यात हेच मोठं वाटतं बघा. जागा वाढत नाहीत, माणूस बदलतो.”

मग सुमेधाताईंनी स्वतः केलेला केक काढला आणि सगळं हसण्यावारी गेलं. निखिलनं मोबाइल फ्रिजवर टेकवून सगळ्यांचा फोटो घेतला. निरोपाच्या गडबडीत अबोलीनं बाईंना मिठी मारली, आणि बाईंचे डोळे भरून आले. त्या नादात अक्षता राहिल्या. पानं उचलताना कुणीतरी सुपारी उचलून डब्यात टाकली.

भांडी विसळायला वैदेही होतीच. या पोरीला सांगावं लागत नसे. तिनं पानं दुमडून पिशवीत भरली, ओटा पुसला, आईला बळेच खुर्चीत बसवून चहा दिला. भिंतीकडेचं पान तेवढं तिनं दाखवायला ठेवलं होतं. वरणभाताचं शीतही उरलं नव्हतं.

“हे कुणी खाल्लं ग?” बाईंनी विचारलं.

“भूक लागली असेल कुणाला,” वैदेही म्हणाली.

बाईंना ते खटकलं. सुपारीसाठी वाढलेलं पान परस्पर संपवणारं आपल्याकडचं कुणी नाही, म्हणजे त्यांच्यातलंच कुणीतरी. चहा पिता पिता त्यांनी फोटो उघडला आणि माणसं मोजली. चौदा भरली. पुन्हा मोजली, तरी चौदाच. सात सांगून आठ जण आणले, असं त्यांच्या मनानं तिथल्या तिथे ठरवून टाकलं. न सांगता कुणाला आणलं, आणि कशासाठी? घर बघायला? आपल्याला जोखायला?

विलासरावांनी कपाळाला हात लावला. एक माणूस जास्त जेवलं तर आभाळ कोसळत नाही, असं म्हणून त्यांनी पेपर तोंडापुढे धरला. पण बाईंना राहवलं नाही. अबोलीला फोन करून त्यांनी इकडचं तिकडचं विचारलं आणि मधेच तो प्रश्न घुसडला. अबोली गोंधळली. सातच तर होतो काकू, म्हणाली, आणि एकेकाचं नाव सांगितलं. फोटोत त्यांचे चेहरे बरोबर सातच होते.

मग बाईंनी आपले मोजले. विलासराव, निखिल, आपण, हरेश, नमिता, काशीआत्या, वैदेही. सात. सात नि सात चौदा.

“झालं समाधान?” विलासराव म्हणाले. “तुझंच मोजायला चुकलं.”

क्षणभर बाईंना खरंच हायसं वाटलं. मग हातातला कप तसाच राहिला. माणसं मुळातच चौदा होती, तर मग सुपारी मांडली कशाला?

त्या दिवसापासून त्यांनी घरातल्यांवर नजर ठेवली. आल्हाटांवरचा सगळा राग विरून गेला होता आणि त्याच्या जागी काहीतरी थंड येऊन बसलं होतं. या सातांत एक जण आपला नाही. नमितावर त्यांचा पहिला संशय गेला. धाकट्या जावेवर संशय घ्यायला त्यांना काही त्रास पडत नसे. पण नमिताच्या लग्नात सासूबाईंशी झालेलं भांडण त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं. हरेश कॉलेजात असताना त्यांच्याच हातचं जेवला होता. आत्यांनी तर त्यांचं डोहाळजेवण केलेलं. एकच डोहाळजेवण.

बाई तिथे अडखळल्या.

वैदेहीचंही सगळं आठवत होतं. शाळेतली गॅदरिंग, गोवर, दहावीच्या वेळचं रडणं. सगळं लख्ख होतं. पण त्या आठवणींत घर कुठलं होतं, शेजारी कोण उभं होतं, हे बघायला गेलं की तिथे काहीच नव्हतं. बेडरूमच्या चौकटीवर उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. एकाच मुलाच्या. बाईंनी पोटावरच्या जुन्या वणावरून हात फिरवला आणि डॉक्टरांचा आवाज त्यांना जसाच्या तसा ऐकू आला.

मग त्यांच्या मनात एक साधा प्रश्न आला. बेडरूममध्ये आपण दोघं. हॉलमध्ये निखिल. वैदेही झोपते कुठे?

आठवेना.

त्यांनी आत्यांना मालवणला फोन लावला. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की सुपारी हलवलीस का? राहिलीच, असं बाईंनी कबूल केलं. अजूनही हलव, आत्या म्हणाल्या. घरात दुसरं काही हलायच्या आत हलव.

दुपारची वेळ होती. विलासराव बँकेत गेले होते. बाईंनी डब्यातून कुंकवाची ती सुपारी शोधून काढली, पाटावर ठेवली, अक्षता मुठीत घेतल्या. दोन दाणे टाकायचे, बोटानं जरा सरकवायची. बस, एवढंच होतं.

मूठ उघडेना. ही गेली की तिचं सगळंच जाणार, ते गोवरातलं तापलेलं कपाळसुद्धा. खोटं असेल ते. पण हाताला अजून चटका लागत होता.

“आई.”

वैदेही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ओल्या केसांची वेणी घालायची राहिली होती.

“नाव घेऊन बोलावलंस ना मला?” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “मग?”

बाईंना रडू फुटलं. इतक्या वर्षांची हौस, ती अशी समोर उभी, केस मोकळे सोडून. पाप असेल तर असो, त्यांना वाटलं. कुणाचं काय जातंय? एक माणूस जास्त जेवलं तर आभाळ कोसळत नाही. त्यांनी अक्षता पुन्हा तांदळाच्या डब्यात टाकल्या.

वैदेही पुढे आली आणि पाठ करून पाटाशी बसली. बाईंनी तिची वेणी घातली. घट्ट, तीनपेडी, जशी त्यांना नेहमी घालावीशी वाटायची. घालता घालता कटकन आवाज आला. पाटावर सुपारी नव्हती, आणि वैदेही शांतपणे काहीतरी चावत होती.

पुढच्या रविवारी अबोली जेवायला येणार होती. तारखेचं बोलायला, एकटीच. बाईंनी तिच्या आवडीची मटारउसळ केली, तूप कढवलं. सकाळपासून त्यांना हलकं हलकं वाटत होतं. घर भरलं, एवढंच मनात येत होतं. दोन पोरी होणार घरात. एक वाजत आला तशी त्यांनी ताटं घेतली.

निखिल टीव्हीसमोरून उठून आला आणि टेबलाकडे बघत उभा राहिला.

“पाचवं कोणाला?” त्यानं विचारलं.

बाई हसल्या. निखिल हसला नाही. थट्टा करताना त्याची एक भुवई वर जायची, ती गेली नव्हती.

“अबोली येतेय ना,” त्या म्हणाल्या.

“कोण अबोली?”

विलासरावांनीही मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर साधं कुतूहल होतं.

बाईंनी हात पुसले नाहीत, तसाच मोबाइल घेतला. अबोलीचा नंबर नव्हता. मास्तरांचाही नव्हता, पण तो त्यांना पाठ होता. तो त्यांनी लावला. पलीकडे खूप वेळ वाजत राहिलं.

आवाज शांतवनरावांचाच होता. बाईंनी आपलं नाव सांगितलं, सानपाड्याहून बोलतेय म्हणून सांगितलं. त्यांना ओळख पटेना. मग बाईंनी विचारलं, अबोली निघाली का?

“चुकून लागला असंल फोन तुमचा,” मास्तर नम्रपणे म्हणाले. “आम्हाला मूलबाळ नाही, ताई.”

पण मास्तरांनी फोन ठेवला नाही. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

“तुम्ही असं का विचारलंत?” ते हळू आवाजात म्हणाले. “आमच्या मंडळींनी, बायकोनं, आज तीन ताटं मांडली. कुणाला म्हणून विचारलं, तर तिला सांगता येईना. तेव्हापासून तशीच बसलीय त्या ताटापाशी. उचलू देत नाही.”

टेबलापाशी वैदेहीनं पाचवं ताट उचललं. ते कोरडंच होतं, तरी पदराच्या टोकानं पुसल्यासारखं करून तिनं ते मांडणीत उभं लावलं.

“ठेव आता, आई,” ती म्हणाली. “भात निवतोय.”