दाजींचं कर्नेल

खोटं सांगून मला काय मिळणार? माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय हे. ज्याला पटेल त्याला पटेल.

भूत म्हटलं की लोकांना मध्यरात्र लागते. इथे तसलं काही नाही. सोमवार होता, भर दुपारचे तीन वाजले होते, आणि जागा म्हणजे मावशीच्या वर्कशॉपची मागची खोली.

मामा जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतो. स्वभावाने पक्का संशयी. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमच्या मामाचं तोंड कधी पोळलंच नाही, तरी तो पाणीसुद्धा फुंकून पितो.

मावशी त्याची मोठी बहीण. वाकड्या, आखूड, बोटं नसलेल्या पायांसाठी ती बूट बनवते. त्या बुटांचे लाकडी साचे एक मशीन कोरतं, आणि मशीन चालवतो एक जुनापुराणा कॉम्प्युटर. सगळं दाजींनी स्वतः जोडलेलं. दाजी म्हणजे मावशीचे यजमान.

ते जाऊन आठ महिने झाले होते.

आता कॉम्प्युटर मध्येच अडकायला लागला होता. मावशी रडवेली झाली होती. “हा बंद पडला तर मी काय करू रे? हातात दुसरं आहे काय?”

मामाने बाह्या सरसावल्या. नवं कर्नेल टाकायचं ठरवलं. कर्नेल म्हणजे सिस्टीमचा गाभा, कॉम्प्युटरच्या प्रत्येक भागाशी तोच बोलतो. त्याची तयार पॅकेजं मिळतात. नव्या प्रोसेसरचं वेगळं, जुन्याचं वेगळं. बुटासारखंच, माप चुकलं की पाऊल पुढे पडत नाही.

पहिलं पॅकेज चुकलं. स्क्रीनवर आलं, हे कर्नेल या प्रोसेसरवर चालणार नाही. मग मामाने जुन्या प्रोसेसरचं पॅकेज शोधून टाकलं. कॉम्प्युटर सुरळीत सुरू झाला.

पण कॉम्प्युटर सुरू होताना कोणतं कर्नेल वापरायचं याची यादी येते, त्यात आणखी एक कर्नेल होतं. दाजींनी घरी बनवलेलं. कर्नेल बनतं तेव्हा त्यात आपोआप नोंद होते... कोणी बनवलं, कधी, आणि कितव्यांदा. इथे दाजींचं नाव होतं. दोन वर्षांपूर्वीची तारीख. आकडा एक्केचाळीस.

“घरगुती माल. कोणी काय घुसडलंय देव जाणे,” मामा म्हणाला.

दारात दाजींचा भागीदार उभा होता. जाड भिंगांमुळे सगळे त्याला चष्मा म्हणतात, आणि तो दाजींना दादा. तो घाईने म्हणाला, “अहो, ते काढू नका. त्यात दादांनी...”

“मला शिकवू नका!”

नवं नीट चालेपर्यंत जुनं काढू नये, हा मामाचाच नियम. जगाला शिकवत फिरतो. त्या दिवशी त्याने स्वतःच तो मोडला आणि दाजींचं कर्नेल पुसून टाकलं.

मंगळवारी तो परत आला. कॉम्प्युटर लावला.

यादीत...

दाजींचं कर्नेल होतं.

आकडा बेचाळीस. तारीख त्याच दिवसाची. वेळ दुपारी एक वाजून दहा मिनिटं.

मामाला घाम फुटला नाही. त्याला राग आला. कॉम्प्युटरमधल्या घड्याळाची बॅटरी गेली असेल म्हणून ती बदलली. मग सरळ चष्म्याकडे वळला. “या खोलीची चावी तुमच्याकडे. मशीन विकून टाका असं ताईच्या मागे लागलात तेही तुम्हीच. हे धंदे कुणाचे ते मला कळत नाही?”

“एक वाजता तो माझ्यासोबत वर जेवत होता,” मावशी म्हणाली. “अरे, तोंडाला येईल ते बोलू नकोस!”

चष्म्याने चावी काढून टेबलावर ठेवली.

मामाने ते कर्नेल पुन्हा उडवलं. खोलीला कुलूप ठोकलं, फटीवर सही केलेला कागद चिकटवला. कॉम्प्युटरची वीज-केबलच काढून पिशवीत टाकली आणि घरी नेली. आता बघू म्हणाला.

बुधवारी अकरा वाजता कागद जसाच्या तसा होता. कुलूप बंद. आत ना पंख्याचा आवाज, ना डिस्कची टकटक.

मामाने सहज कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला...

डबा गरम होता.

दिवसभर काम केल्यासारखा.

त्याने पिशवीतून केबल काढून जोडली. आकडा त्रेचाळीस. वेळ आज सकाळी साडेदहा. साडेदहाला ती केबल बसमध्ये मामाच्या मांडीवरच्या पिशवीत होती!

तरी गड्याची खोड जाईना. त्याने यादीतून हट्टाने स्वतःचंच पॅकेज निवडलं. “ताई, चालव. एकदा बघूनच टाकू.”

मावशीने लाकूड लावलं. पातं फिरायला लागलं. लाकूड जरा तिरकं बसलं होतं, म्हणून तिने थांबायचं बटण दाबलं आणि सवयीने हात आत घातला...

पातं थांबलं नाही.

ते तिच्या बोटांकडे सरकत होतं.

चष्मा दारातून धावला आणि त्याने भिंतीतला प्लग उपटला. पातं मावशीच्या अंगठ्यापासून दोन बोटांवर थांबलं.

मग चष्मा म्हणाला, “तयार कर्नेलला ते बटण कळतच नाही. दादा महिनाभर त्याच्यासाठीच खपले होते. हेच सांगत होतो तुम्हाला. विकायलाही त्याचसाठी सांगत होतो, कॉम्प्युटर मध्येच अडकला तर बटणही चालणार नाही आणि वहिनींचे हात जातील म्हणून.”

मामाने त्याचे दोन्ही हात धरले. माझा मामा आयुष्यात पहिल्यांदा कुणाची माफी मागत होता.

त्रेचाळीस नंबरच्या कर्नेलवर बटण दाबलं की पातं जागच्या जागी थांबत होतं. कॉम्प्युटरही पुन्हा अडकला नाही. मामाने कॉम्प्युटरवर चिठ्ठी लावली, हात लावू नये. मावशीचं काम पाच महिने मजेत चाललं.

मागच्या सोमवारी मामा सहज तिकडे गेला.

आकडा होता...

चव्वेचाळीस.

चष्म्याने हात लावला नव्हता. मावशीला तर त्यातलं काही कळत नाही. मामाने दोन्ही कर्नेलं रात्रंदिवस ताडून पाहिली. काहीतरी बदललंय, पण काय ते त्याला उमगत नाही.

तेव्हापासून तो स्वतःचं दुकान बंद ठेवून रोज मावशीकडे बसतो. प्लगजवळ स्टूल टाकून, एक हात बटणावर ठेवून. मावशी हसते, “अरे, तुला दुसरी कामं नाहीत का?”

मामा हसत नाही.

काल मला हळूच म्हणाला, “बटण तर नीट चालतंय गं. मग दाजींना अजून काय दिसलं?”