अडतिसावा पुरावा

"त्या पोरीनं माह्या नवऱ्याले मारलं. तिच्यावर पुरावा काढून द्या."

पांढुर्ण्यात रघुनाथराव बारापात्र्यांच्या ओसरीवर येऊन जयवंताबाईंनी एवढंच सांगितलं आणि भिंतीला टेकून बसल्या. नवरा जाऊन जेमतेम तिसरा दिवस. सुतकातली बाई घराबाहेर पडते, तीही एकटी, बसनं, हे पाहून सुखदेव मास्तरांच्या हातातला चहा तसाच राहिला.

रघुनाथराव विमा कंपनीत होते तेव्हा जळालेल्या गोदामांच्या राखेतून खोटं हुडकायचे. नोकरी सोडून आता खासगी तपास करतात. मास्तर त्यांचे शेजारी. रिकामपण भरपूर, शंका त्याहून जास्त, म्हणून जिथे रघुनाथराव तिथे मास्तर.

बाईंनी सांगितलं ते असं. सौंसरच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापूस दाबून गाठी बांधायच्या कारखान्यात, दोघं कामाला. भिवाजी प्रेसच्या पेटीत उतरून कापूस तुडवायचा, बाई पेटीबाहेर सांडलेला गोळा करायच्या. यंदा त्या प्रेसला कॉम्प्युटर लावला. नागपूरची सुधा नावाची इंजिनियर, तिनं प्रोग्राम लिहिला. सोमवारी पेटीचं दार उघडं, भिवाजी आत, आणि वरून प्रेस खाली आला.

"मी तिथंच होतो जी," बाई म्हणाल्या. "घंटी बंद झाली अन् वरून ते लोखंड आलं. दार सताड उघडं होतं. दार उघडं असलं तं प्रेस येतच नाही, असं तीच पोरगी सांगून गेली होती."

सुधाला पोलिसांनी ठाण्यात बसवून ठेवलं होतं. प्रोग्राम चुकला, असं मालक अनिलशेठनं लिहून दिलं होतं. संध्याकाळी गुन्हा दाखल होणार होता.

मास्तर बसमध्ये बसल्याबसल्या म्हणाले, की यात शोधायचं काय उरलं? रघुनाथराव संत्र्यांच्या बागा बघत राहिले, म्हणजे बघत नव्हते.

सुधा पंचविशीची असेल. दोन रात्री झोपलेली नव्हती, ते डोळ्यांवरून कळत होतं. ठाणेदारानं अर्धा तास दिला. तिनं आधी ड्रायव्हरपासून सुरुवात केली आणि मास्तरांनी लगेच विचारलं, की त्याचा जबाब घेतला का? रघुनाथरावांनी कपाळाला हात लावला.

"ड्रायव्हर म्हणजे माणूस नाही हो, काका. छोटा प्रोग्राम असतो. प्रेसची झडप उघडायचा अधिकार त्या एकालाच. बाकीच्या प्रोग्रामांनी त्याला विनंती करायची, झडपेला परस्पर हात लावायचा नाही."

"आणि तो ऐकतो कधी?" मास्तरांनी विचारलं.

"दार बंद असल्याचा पुरावा हातात दिला तरच. दार लागलं की चौकटीतलं बटण दाबलं जातं, ड्रायव्हर नंबर टाकून तसा पुरावा देतो, तोच त्याला परत दाखवायचा. एक पुरावा, एक गाठ. गाठ झाली की तो रद्द. पुढच्या गाठीला दार पुन्हा उघडून लावायलाच हवं. दार उघडं असेपर्यंत घंटी वाजते, लागलं की हिरवा दिवा. सगळं कागदाच्या रिळावर छापलं जातं."

बटण नेमकं कुठे आहे, ते रघुनाथरावांनी विचारलं. चौकटीच्या आत खोल खोबणीत, ती म्हणाली, दाराचाच खिळा तिथे पोचतो, माणसाचं बोट पोचत नाही. सोमवारी ती नागपूरला होती.

"मी दोन दिवस एकेक ओळ मनात वाचतेय. चूक सापडत नाहीये. पण माझ्याच एखाद्या ओळीनं ते गेले असतील, तर मला जेलचं काही वाटणार नाही. फक्त ती ओळ मला दाखवा."

सकाळी मास्तरांनी तिला मनातल्या मनात फासावर लटकवलं होतं.

कारखान्यात अनिलशेठनं खुर्च्या झटकून दिल्या, चहा मागवला. यंत्राला दिवाळीपासून कोणी हात लावला नाही, असं तो आपणहून दोनदा म्हणाला. घटना घडली तेव्हा तो ऑफिसात फोनवर होता, समोर बसलेले दोन व्यापारी साक्षीला. प्रेस चालवणारा गजानन भिंतीपलीकडे बसतो. तिथून पेटी दिसत नाही, फक्त दिवा दिसतो.

"पयले भिवाजी बाहेर निघाला का आवाज द्यायचा, मंग मी खटका ओढायचो," गजानन खाली बघत म्हणाला. "दिवा आला, तं आवाज बंद झाला. हिरवा लागला, मी ओढला."

पेटीजवळ तेव्हा जयवंताबाई सोडून कोणी नव्हतं, हेही त्यानंच सांगितलं. त्या डाव्या अंगाला कापूस गोळा करत होत्या.

रघुनाथराव गुडघ्यावर बसले आणि चौकटीत टॉर्च मारला. आतली खोबण कापसाच्या तुसानं भरलेली, आणि तिच्यात स्क्रूंची दोन रिकामी भोकं होती. बटण चौकटीच्या बाहेर, डाव्या अंगाला, छातीच्या उंचीवर होतं. त्याच्या स्क्रूंचे माथे ताजे खरवडलेले. दारावर त्याला टेकेल अशी एक पट्टी ठोकलेली होती. मग त्यांनी रीळ मागितलं. सोमवारी सदतीस गाठींचे सदतीस पुरावे. दर खेपेला दार चारेक मिनिटं उघडं. दहा पन्नास ते अकरा वीस काहीच छापलेलं नाही. मग दार उघडलं, आणि चाळीस सेकंदांत पुरावा क्रमांक अडतीस.

"नंबर तर बरोबर आहेत की," मास्तर म्हणाले. रघुनाथरावांचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. ते कारखान्याच्या नळाला तोंड लावून पाणी प्यायले.

चार वाजता ठाणेदार सुधाला घेऊन प्रेसपाशी आला. अनिलशेठ, गजानन, जयवंताबाई, सगळे होते. रघुनाथराव बाईंना म्हणाले, की तुम्ही घरी जा, मी उद्या येऊन सांगतो. बाई हलल्या नाहीत.

"मी इथंच थांबतो. मले ऐकाचं आहे."

त्यांनी दुसऱ्यांदाही विनवलं. मग नाइलाजानं सुरुवात केली.

"प्रोग्राम चुकला नाही, आणि कोणी त्याला वळसाही घातला नाही. वळसा घातला असता, तर कागदावर पुरावा छापलाच गेला नसता. अडतिसावा पुरावा छापला आहे. म्हणजे ड्रायव्हरला दार लागल्याचं कळवलं गेलं. पण पेटी भरायला चार मिनिटं लागतात. चाळीस सेकंदांत दार कोण लावेल? दार लागलंच नव्हतं. दाबलं गेलं ते फक्त बटण."

सुधा म्हणाली, की ते शक्य नाही, तिथे बोट पोचत नाही.

"तुमच्या जागेवर पोचत नाही. पण तिथे तूस अडकायचं, ड्रायव्हर प्रेस थांबवायचा, शेठचा खोळंबा व्हायचा. सोमवारी दहा पन्नासला पुन्हा अडकलं आणि अर्ध्या तासात बटण बाहेर आलं. काय गजानन?"

गजानन रडायलाच लागला. शेठनं सांगितलं म्हणून केलं, म्हणाला. अनिलशेठ उसळून म्हणाला, की बटण हलवलं म्हणून काय झालं, दाबलं कोणी?

रघुनाथरावांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "बाई, घंटी आपोआप बंद झाली का?"

"नाही जी. मीच केली." बाई सरळ म्हणाल्या. "शेठ तेव्हाच सांगून गेले होते ना. बटण नवीन लावलं, घंटीची कटकट झाली तं दाबजो."

बाई एकेकाच्या तोंडाकडे पाहत गेल्या. मास्तरांनी मान खाली घातली. सुधानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाईंची नजर त्या बटणावर गेली, तिथून भिंतीवरच्या हिरव्या दिव्यावर गेली, आणि त्या उभ्या होत्या तिथेच खाली बसल्या.

"बाईंना ते बटण कशाचं हे माहीत नव्हतं," रघुनाथराव ठाणेदाराला म्हणाले. "या शेठना माहीत होतं. जबाबात तेवढं लिहा."

ठाणेदारानं अनिलशेठला उठवलं. सुधाला सोडलं होतं, पण ती गेली नाही. ती बाईंजवळ जमिनीवर येऊन बसली. बटण नेहमी खरं तेच सांगतं, एवढं एकच आपण न तपासता धरून चाललो, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. बाईंना ते कळलं नसावं. त्यांनी तिचा हात मात्र झिडकारला नाही.

थोड्या वेळानं बाई गजाननकडे वळल्या.

"ते आतून मले काही सांगून राहिले होते. घंटीत ऐकू येत नव्हतं, म्हणून मी बंद केली. तुले ऐकू आलं का रे भाऊ, काय म्हणत होते?"

गजाननला ऐकू आलं नव्हतं.