चाळिसाव्या प्रकरणानंतर

रामदासपेठेतल्या त्या वाचनालयात एप्रिल लागला की सभासदांची गर्दी वाढते, आणि त्याचं श्रेय पुस्तकांना द्यायचं काही कारण नाही. तिथला कूलर चांगला आहे. मयुरा मात्र त्या दिवशी खरोखरच पुस्तकासाठी आली होती. तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा सोडत ती काउंटरपाशी गेली आणि म्हणाली, "भैय्याजी, 'अकरा तळी' द्या."

भैय्याजी तिथले ग्रंथपाल. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"दोनदा वापस आणून टाकली वं तू ते. अकराशे चाळीस पानं आहेत. अजून पातळ नाही झाली."

"या खेपेला पूर्ण करते. बघाच तुम्ही."

ती कादंबरी होतीच तशी. एका तळ्याकाठच्या घराण्याच्या पाच पिढ्या, बहात्तर प्रकरणं, आणि आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्यामुळे तीन बाबाराव आणि दोन सत्यवती. पहिल्या खेपेला शंभराव्या पानावर गेलेले बाबाराव दीडशेव्या पानावर मुंडावळ्या बांधून उभे दिसले, तेव्हा मयुरानं पुस्तक मिटलं होतं. दुसऱ्या खेपेला दोनशेपर्यंत मजल गेली होती, इतकंच.

त्यातून भैय्याजींचा एक नियम होता. दर पंधरा दिवसांनी मुदत वाढवून घ्यायची, आणि त्यासाठी वाचलेल्या भागातल्या त्यांच्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. आलं, तर शिक्का. नाही आलं, तर पुस्तक कपाटात, आणि त्या सभासदाला ते वर्षभर मिळायचं नाही. जाड कादंबऱ्या लोक बैठकीत मांडून ठेवायला नेतात, असा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव होता.

मग एवढा अट्टहास कशाला, असं कुणीही विचारेल. मयुराची मोठी बहीण खुशी येता-जाता म्हणायची, "मयुराचं सगळं अर्ध्यावरच." कथक दोन परीक्षांनंतर सुटलं होतं. बी.एड. एका वर्षात सुटलं. आणि मागच्या वर्षी ठरलेलं लग्न तिनं पत्रिका छापायच्या आत मोडलं, कारण मुलाकडच्यांना पॅथॉलॉजी लॅबमधली तिची नोकरी नको होती. कारण चांगलं होतं. पण त्यांच्या कामठीत कुणी कारणं लक्षात ठेवत नाही, मोडलेलं तेवढं लक्षात ठेवतं. आताशा तर तिला स्वतःलाच वाटायला लागलं होतं की आपल्या हातून काही शेवटाला जातच नाही. एक गोष्ट, फक्त एक गोष्ट पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत न्यायची, असं तिनं मनाशी धरलं होतं.

"बरं, ते छोटं पुस्तक पण द्या मग," ती म्हणाली. "'अकरा तळी : वाचकाचा सोबती'. त्यात प्रत्येक प्रकरण समजावून दिलंय म्हणे."

"ते गेलं. तो पाह्य, कूलरसमोर बसून राहिला, तोच घेऊन बसला आहे."

कूलरसमोर निळ्या शर्टातला एक तरुण खाकी कव्हर घातलेल्या पुस्तकात डोकं घालून बसला होता. हातात पेन्सिल होती. मयुरा सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"माफ करा... तुमची कादंबरी वाचून झाली का?"

"कोणती?"

"ही. जिचा सोबती तुमच्या हातात आहे."

"नाही बा." तो प्रामाणिकपणे म्हणाला. "कादंबरी आपल्याला नाही झेपत. मी ड्राफ्ट्समन आहो, नकाशे काढतो. यातला गावाचा नकाशा कुणीतरी मस्त काढला आहे. तळी, बांध, वाड्या... तोच पाहून राहिलो होतो."

"म्हणजे जेवायचं नाही, नुसतं मेनू कार्ड वाचायचं?"

तो हसला. हसताना त्याचे कान हलायचे, हे मयुराच्या उगाचच लक्षात आलं.

"मग द्या ना मला. मी जेवणार आहे."

"देतो की. पण..." त्यानं पेन्सिल कानामागे खोचली. "नकाशा अर्धाच उतरवून झाला आहे. तुम्ही कुठं राहता?"

"कामठी."

"मी कन्हानचा. मग काय प्रॉब्लेम आहे? बर्डीच्या थांब्यावरून आपली बस एकच. तुम्ही जेवा, मी मेनू धरून बसतो."

त्याचं नाव अश्विन होतं. आणि मयुरा, जी अनोळखी माणसांशी बसमध्ये कधी बोलत नसे, ती दुसऱ्या दिवशी साडेसहाच्या बसला पंधरा मिनिटं आधीच जाऊन थांबली.

तिथून सुरू झालं. उन्हाची खिडकी तो न विचारता स्वतःकडे घ्यायचा. मयुराच्या मांडीवर ते विटेएवढं पुस्तक, अश्विनच्या हातात सोबती. ती अडली की कोपरानं हळूच खुणवायची. मग तो पान काढून गंभीरपणे सांगायचा, "हा दुसरा बाबाराव. मिशीवाला. पहिल्याला मिशी नव्हती."

"सोबत्यात मिशी लिहिलीय?"

"नाही. मी वंशवृक्षात काढली. तुम्हाले लवकर ओळखू यावा म्हणून."

त्यानं खरंच काढली होती. ट्रेसिंग पेपरवर अख्खं घराणं, एकेका बाबारावाला वेगळा फेटा, सत्यवतींना वेगवेगळ्या नथी. मयुरा तो कागद बराच वेळ पाहत राहिली. तिच्यासाठी आजवर कुणी असं काही बसून केलं नव्हतं.

पहिल्या पंधरवड्यात वीस प्रकरणं झाली. भैय्याजींनी विचारलं, तिसरं तळं कुणी बांधलं? तिनं फटकन सांगितलं. शिक्का. पुढच्या पंधरवड्यात चाळीस झाली. पुन्हा शिक्का. खुशीनं घरी येऊन पुस्तकातली खूण कुठवर सरकली ते पाहिलं आणि पहिल्यांदाच काही बोलली नाही.

आणि इथं एक अडचण आली, जी मयुराला ठाऊक नव्हती. सोबत्याचा हा पहिलाच भाग होता. चाळिसाव्या प्रकरणाशी तो संपत होता, आणि दुसरा भाग कधी निघालाच नव्हता. मुखपृष्ठावर तसं लिहिलेलं होतं, पण ते खाकी कव्हराखाली. अश्विनला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सांगायचं, सांगायचं म्हणत त्यानं महिना काढला. सांगितलं, की तिला आपली गरज संपली... आणि उन्हाच्या खिडकीशी एकट्यानं बसायचं.

एके दिवशी तो सोबत्याऐवजी कागद घेऊन आला. सुरेख, ठसठशीत अक्षर.

"भैय्याजीनं सोबती वापस मागितला. म्हणून पुढचं उतरवून घेतलं," तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला.

त्या आठवड्यात लॅबमध्ये उन्हाच्या तापाचे नमुने ढिगानं येत होते. मयुराची मान वर होत नव्हती. पुढं त्रेचाळिसावं प्रकरण होतं : साठ पानं, आणि एकही पूर्णविराम नाही. तीन पानांत तिचे डोळे मिटायला लागले. शेवटी तिनं अश्विनचा कागद वाचला, कादंबरीची साठ पानं उलटली आणि पुढं गेली.

भैय्याजींनी नेमकं तेच विचारलं.

"त्रेचाळिसाव्यात काय होते?"

"तिसरे बाबाराव सत्यवतीला तळ्याच्या बांधावर भेटतात," मयुरा आत्मविश्वासानं म्हणाली. "ते कधी बोलत नसतात. पण त्या दिवशी सांगतात, की मी रोज इथं पाणी पाहायला येत नाही, तू येशील म्हणून येतो."

भैय्याजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"पोरी, त्या प्रकरणात सत्यवती नाहीच. साठ पानं नुसते विहीर खणून राहिले लोक."

पुस्तक कपाटात गेलं.

बर्डीच्या थांब्यावर अश्विन नेहमीसारखा उभा होता. मयुरानं तो कागद त्याच्या हातात ठेवला.

"हे कुठून उतरवलं?"

त्याचे कान लाल झाले.

"तुमच्यासाठी गंमत झाली. मला एक गोष्ट पूर्ण करायची होती, एकच. तेवढीसुद्धा..." तिचा आवाज भरून आला आणि त्याचाच तिला जास्त राग आला. "काहून केलं तुम्ही असं?"

"सोबती संपला होता," तो एवढंच म्हणाला. "चाळीसलेच."

ती बायकांच्या राखीव सीटवर, थेट पुढं जाऊन बसली. कामठी येईपर्यंत तिनं मागं वळून पाहिलं नाही. पण घरी पोहोचून हातपाय धुताना तिला ते वाक्य आठवलं : मी पाणी पाहायला येत नाही, तू येशील म्हणून येतो. ते कादंबरीत नव्हतं. म्हणजे ते कुणाचं होतं? नळ तसाच वाहत राहिला, आणि आईनं आतून दोनदा आवाज दिला. राग गेला नाही, पण त्याच्या शेजारी दुसरंच काहीतरी येऊन बसलं. आणि खरं सांगायचं, तर साठ पानं न वाचता उलटली होती तिनं स्वतःच. तो दोष अश्विनच्या माथी मारता येत नव्हता.

तरी ती बोलली नाही. आठ दिवसांनी बसच्या आरशात तिला तो दिसला. उभा होता, एका हातानं वरचा दांडा धरून, आणि दुसऱ्या हातावर उघडी 'अकरा तळी'. ओठ हलत होते. बस उसळली की पानं मिटायची, आणि तो पुन्हा हनुवटीनं ती उघडायचा. मयुरानं चटकन तोंड फिरवलं, कारण तिला हसू यायला लागलं होतं.

जून सरत आला. पाऊस येऊन रुळला, वाचनालयातला कूलर बंद झाला आणि सभासद निम्मे झाले. एकदा मयुरा दुसरं पुस्तक बदलायला गेली, तेव्हा भैय्याजी आपणहून म्हणाले, "तो तुझा कन्हानवाला दोन डाव पास झाला. दुसऱ्या डावाले मी मुद्दाम कठीण विचारलं. तरी सांगितलं त्यानं."

"माझा कशाला?" ती म्हणाली.

"बरं. कन्हानवाला."

त्याच संध्याकाळी बसमध्ये तो तिच्या सीटशी येऊन उभा राहिला. छत्रीचं पाणी गळत होतं, पुस्तक मात्र प्लास्टिकच्या पिशवीत कोरडं.

"चाळीस झाले," तो म्हणाला.

"मग पुढचं वाचा."

"नाही वाचणार."

"काहून? झेपत नाही?"

"झेपते आता. चांगली आहे, लय चांगली आहे. पण तुमचा शेवटचा शिक्का चाळीसचा. मी एकटा पुढं गेलो, तर..." तो अडखळला. "मले तुमच्या पुढं नाही जायचं. सोबत जायचं आहे. भैय्याजीले विचारलं मी. ते म्हणाले, कार्डावर नाव एकाचं पाहिजे. शेजारी बसून कोण वाचते, ते मी कशाले पाहू."

मयुरानं त्याच्याकडे पाहिलं. महिनाभर उभ्यानं वाचून त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"एक अट," ती म्हणाली. "सोबती नाही, कागद नाही, मिश्या नाही. जे लिहिलंय तेच वाचायचं. विहीर तर विहीर."

"विहीर तर विहीर."

"आणि कळलं नाही, तर कळलं नाही म्हणायचं."

"मले तर आधीपासून बरंच काही कळत नाही," तो म्हणाला, आणि ती सरकली. त्यानं बसताना पुस्तक दोघांच्या गुडघ्यांवर मध्ये ठेवलं.

त्रेचाळिसाव्यातली ती साठ पानं त्यांनी आठवडाभर वाचली, एक ओळ तिनं, एक ओळ त्यानं, हळू आवाजात. पूर्णविराम नसल्यामुळे श्वास कुठं घ्यायचा यावरून भांडणं झाली. शेवटी विहिरीला पाणी लागलं, तेव्हा पुढच्या सीटवरच्या बाई वळून म्हणाल्या, "लागलं का वं पाणी? बरं झालं बाप्पा. चार दिवसांपासून जीव लागून राहिला होता." 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं. बहुधा पंचावन्नाव्या प्रकरणाच्या आसपास, म्हाताऱ्या सत्यवतीपायी मयुरा भर बसमध्ये रडली आणि त्यानं आपला रुमाल दिला, तेव्हा.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी, लॅब लवकर सुटलेली असताना, बस कामठीत शिरली तेव्हा अकरा पानं उरली होती.

"तुझा स्टॉप," अश्विन म्हणाला. "उरलेलं सोमवारी वाचू."

मयुरा उठली नाही. कंडक्टर मागं येत होता. तिनं पुस्तकातून मान वर न करता सांगितलं, "एक कन्हान वाढवून द्या."

शेवटचं वाक्य तिनं एकटीनं वाचलं, मोठ्यानं. बस तेव्हा कन्हानच्या पुलावर होती, खाली नदी दुथडी भरून वाहत होती. मग तिनं पुस्तक मिटलं. झालं होतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एकही पान न गाळता.

"आता?" अश्विननं विचारलं. त्याच्या आवाजात ती जुनी धास्ती होती.

तेवढ्यात मयुराचा फोन वाजला. आई होती.

"कुठं आहेस वं? भाजी टाकून बसली मी."

"कन्हानला आहे आई. उशीर होईल."

"कन्हानले काहून? कोण आहे तिथं?"

मयुरानं शेजारी पाहिलं. सांगायला सोप्या थापा चार-पाच तरी होत्या. "अश्विन आहे," ती म्हणाली. "आम्ही पुस्तक वाचत होतो. आत्ता संपलं. आई, तो मला आवडतो. लग्न करायचा विचार आहे माझा त्याच्याशी."

तिकडची भाजी लागल्याचा वास जणू इथवर आला.

मग आई म्हणाली, "तो हो म्हणाला का?"

"थांब, विचारते." मयुरानं फोन कानापासून दूर केला. तिचे डोळे हसत होते. "आई विचारून राहिली, तू हो म्हणाला का?"

अश्विननं अलगद तिच्या हातातून फोन घेतला. घसा साफ केला. बस थांबली होती, कंडक्टर कन्हान, कन्हान म्हणून ओरडत होता, आणि त्याला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

"नमस्कार काकू," तो म्हणाला. "मी अश्विन. हो."